नळी लावली, पण रिपोर्ट नाही काढला

काल रात्री साडेअकराला नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून थर्माकोलचा खोका घेऊन घरी आलो. डिसेंबर चालू आहे, वर्धा रोडवर गाडी चालवताना बोटं आखडून गेली होती आणि मागे बसलेला मित्र खोका पोटाशी धरून एकच गोष्ट विचारून राहिला होता, की बे, यात असं आहे तरी काय. यात होते दोन क्लीनर श्रिंप (झिंगेच), सहा टर्बो गोगलगायी आणि एक ब्रिटल स्टार, म्हणजे बारीक, लांब, सापासारख्या वळवळत्या पाच हातांचा स्टारफिशचा चुलतभाऊ. आईने दार उघडलं, खोक्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आले का पाहुणे? आता बस रात्रभर नळ्या लावून." यावेळी नळी लावली नाही, पण जागा मात्र राहिलो. आता सकाळचे सहा वाजलेत, तर्री पोहेवाला दुकान उघडेपर्यंत लिहून टाकतो, कारण गेल्या महिन्याभरात तीन जणांनी विचारलंय की भाऊ, इनव्हर्टिब्रेट (पाठीचा कणा नसलेले जीव) टाकीत सोडताना ड्रिप, म्हणजे टाकीचं पाणी नळीने थेंब थेंब त्यांच्या पिशवीत सोडणं, किती तास करायचं.

मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. का वाटतो ते सांगतो, थोडं लांबेल.

आधी टाकीबद्दल. खाऱ्या पाण्याची, दोनशे लिटरची आहे, हॉलमध्ये, टीव्हीच्या जागी (टीव्ही बेडरूममध्ये गेला, त्यावरून बाबा अजून बोलतात). आमच्या झिरो माइलच्या खांबावरून कुठल्याही दिशेने निघा, समुद्र यायला शेकडो किलोमीटर जावं लागतं, त्यामुळे आमचा समुद्र म्हणजे आरओचं पाणी आणि डब्यातलं सिंथेटिक मीठ. दगड सगळे कोरडे, माणसाने बनवलेले. कोरल, म्हणजे प्रवाळ, नाही ठेवत. रीफ टाकी म्हणायची आणि कोरल नाही म्हटल्यावर लोक हसतात, पण आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत रीफ बांधणारी कोरल आहेत, सी फॅन आहेत, समुद्रघोडा आहे, समुद्री काकडी पण आहे, आणि "कोणी विचारत नाही ना राजा" हे उत्तर मला झोप येण्याइतकं पुरत नाही. तर श्रिंप, गोगलगायी, हर्मिट क्रॅब (शंखात राहणारा खेकडा), दोन क्लाउनफिश, एवढाच संसार.

दोन वर्षांपूर्वी मी एक निळा लिंकिया स्टारफिश आणला होता. शाळेच्या पुस्तकातला तारामासा, फक्त रंग असा की कोणी ऑइल पेंटने रंगवून ठेवलाय वाटावं. दुकान गावातलंच, पिशवी अर्ध्या तासात घरी. तेव्हा मी सगळं वाचून बसलो होतो, ड्रिप करायचं, हळू करायचं, घाई करायची नाही. त्यासाठी मेडिकल स्टोअरमधून सलाइनचा सेट आणला, दुकानदाराने विचारलं पेशंट कोण, मी म्हटलं स्टारफिश, त्याने चष्म्यावरून पाहिलं आणि काही न बोलता पैसे घेतले. ही नळी मात्र या कामाला खरंच भारी आहे. वरचं टोक कापून टाकीत सोडायचं, सायफन सुरू करायचा आणि चाकाने थेंब कमी-जास्त करायचे, मधल्या चेंबरमध्ये थेंब मोजता येतात. मी सेकंदाला एक थेंब ठेवला आणि तीन तास बसलो. बुद्धासारखा शांत. तीन तासांनी स्टारफिश हवेत न काढता, पाण्याखालीच डब्यात घेऊन टाकीत ठेवला.

तिसऱ्या दिवशी एका हाताच्या टोकाला पांढरा ठिपका दिसला. चौथ्या दिवशी ते टोक मऊ पडलं, भिजवून ठेवलेल्या बिस्किटासारखं. सहाव्या दिवशी हात गळून पडला आणि आतलं बाहेर आलं, ते वर्णन नाही करत. आईने देवघरातला दिवा लावताना तिकडे पाहिलंच नाही. दुकानात गेलो तर उत्तर मिळालं, "भाऊ, हे नाजूकच असतात, नशीब असते एकेकाचं."

मग रविवारी मावशी आली. मावशी मेडिकलला, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, सिस्टर होती, आयुष्य वॉर्डात गेलं, रिटायर होऊन चार वर्षं झाली पण अजून कोणाचाही हात हातात घेतला की आधी शीर शोधते. टाकीशेजारी लटकलेला सलाइन सेट पाहून तिने विचारलं हे काऊन, म्हणून मी सगळी कथा सांगितली, तीन तास, सेकंदाला एक थेंब, एवढं हळू करूनही मेला. ती म्हणाली, "पिशवीतल्या पाण्यात मीठ किती होतं?"

मी म्हटलं, मोजलं नाही ना.

"आणि तुझ्या टाकीत?"

"पस्तीस."

"अरे, मग तू हळू कशाला म्हणून राहिला? उन्हाळ्यात सोडियम उतरलेले पेशंट यायचे आमच्याकडे, म्हातारी माणसं, बरळायची. डॉक्टर आधी रिपोर्ट पाहत, किती उतरलंय, मग ठरवत की चोवीस तासांत आठ-दहाच्या वर चढू द्यायचं नाही, कारण घाईने चढवलं तर मेंदूला इजा होते. थेंब नंतर मोजायचे. तू नळी लावली, पण रिपोर्ट नाही काढला."

हे ऐकून मी दुसऱ्या दिवशी रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याचा खारटपणा मोजायचं यंत्र) खिशात घालून त्याच दुकानात गेलो आणि स्टारफिशच्या टाकीचं पाणी मोजलं. २७ पीपीटी. म्हणजे हजार भागात २७ भाग मीठ, माझ्याकडे ३५. आठ पॉइंटांचा फरक. दुकानवाल्याचं त्यात फार चुकलं असंही नाही, मीठ महाग आहे आणि माशांना कमी मिठाचं पाणी चालून जातं, खाऱ्या पाण्यातल्या माशाच्या अंगातलं मीठ समुद्राच्या साधारण एक तृतीयांशच असतं आणि तो गिल आणि किडनीच्या जोरावर ते सांभाळत बसतो. स्टारफिशला किडनीच नाही. त्याच्या अंगातलं पाणी म्हणजे जवळपास बाहेरचंच समुद्राचं पाणी, त्याच पाण्याच्या दाबावर त्याचे ते शेकडो बारके पाय चालतात. बाहेर खारटपणा बदलला की आत बदललाच, मधे दार नाही, दरवान नाही. पेशी हळूहळू स्वतःतले अमिनो अ‍ॅसिड कमी-जास्त करून जुळवून घेतात, पण त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ आपण देतोय की नाही हे घड्याळ पाहून कळत नाही.

घरी येऊन कागदावर मांडलं. सलाइन सेटवर लिहिलेलं असतं, माझ्या सेटला वीस थेंबांचा एक मिलिलिटर. सेकंदाला एक थेंब म्हणजे मिनिटाला ३ मिली, तासाला १८०. पिशवीत पाणी अर्धा लिटर, २७ वर. पहिल्या तासानंतर २९ च्या थोडं वर. दुसऱ्या तासानंतर ३० च्या थोडं वर. तीन तासांनी ३१. आणि मी, बुद्धासारखा शांत माणूस, त्याला ३१ मधून उचलून थेट ३५ मध्ये ठेवला होता. तीन तास थेंब मोजून चार पॉइंट चढवले आणि उरलेले चार एका सेकंदात. वर गंमत अशी की ड्रिपमध्ये सगळ्यात मोठी उडी पहिल्याच तासात बसते, कारण तेव्हा पिशवीतलं पाणी कमी असतं, नंतर नंतर तोच थेंब काहीच बदलत नाही. ३४ पर्यंत न्यायचं असतं तर पिशवीच्या सातपट पाणी लागलं असतं, साडेतीन लिटर, म्हणजे त्याच वेगाने एकोणीस-वीस तास. म्हणून म्हणतो की "किती तास" याला अर्थ नाही. फरक दोन पॉइंटांचा असेल तर तास-दीड तासात काम होतं, आठचा असेल तर ड्रिप हा मार्गच नव्हे.

(लिंकिया खारटपणाने वाचला असता तरी माझ्याकडे उपाशी मेला असता हेही कबूल करतो. तो दगडावरचा बारीक थर खातो, माझी टाकी तेव्हा पाच महिन्यांची होती, त्याला खायला होतं काय. परत नाही आणणार. ब्रिटल स्टार उरलंसुरलं खातो, आपल्यासारखा.)

मोजण्यावरून आठवलं, रिफ्रॅक्टोमीटरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. सगळे जण आरओचं पाणी टाकून शून्यावर सेट करतात आणि खुश होतात, पण शून्यावर बरोबर असलेला काटा पस्तीसवर बरोबर असेलच असं नाही, किराणा दुकानाचा तराजू रिकामा असताना मधोमध असतो तसं. घरी सोल्युशन बनवता येतं, ३६.५ ग्रॅम साधं मीठ आणि ९६३.५ ग्रॅम आरओचं पाणी, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मोजून. हे रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ दिसायला पाहिजे. माझा ३३ दाखवत होता. म्हणजे मी पस्तीस पस्तीस म्हणत होतो ती टाकी खरी ३७ वर होती. दुकानाचं आणि माझं पाणी मी एकाच काट्याने मोजलं म्हणून फरक आठचाच राहिला, पण विकणारा त्याच्या काट्यावरून फोनवर आकडा सांगतो आणि आपण आपल्या काट्यावर तयारी करून ठेवतो तेव्हा खरा घोटाळा होतो. फोनवरचा आकडा अंदाजापुरता. पिशवी उघडली की स्वतः मोजा.

आता दुसरी गोष्ट, जी लांबून येणाऱ्या खोक्याला लागू होते. गावातल्या दुकानातून अर्ध्या तासात आलेली पिशवी वेगळी आणि वीस तास बंद राहिलेली वेगळी. बंद पिशवीत प्राणी श्वास घेतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा पीएच उतरतो, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं. त्याच पाण्यात त्याचा अमोनियाही साठतो, पण पीएच कमी असल्याने तो बहुतेक अमोनियमच्या रूपात असतो, फार त्रास देत नाही. आपण पिशवी उघडली की गॅस उडून जातो, पीएच चढायला लागतो, आणि पीएच एका अंकाने वाढला की विषारी अमोनियाचा वाटा साधारण दहापट होतो. त्यात आपण वरून ८.२ पीएचचं पाणी थेंब थेंब सोडतोय. म्हणजे ज्या पाण्यातून त्याला लवकर बाहेर काढायला पाहिजे त्याच पाण्यात आपण त्याला प्रेमाने चार तास बसवून ठेवतो. मिठासाठी हळू, अमोनियासाठी घाई, आणि दोन्ही एकाच पिशवीत.

यावर उपाय मी आता असा करतो, काल रात्रीही असाच केला. दोन दिवस आधी एका नव्या प्लास्टिकच्या टबमध्ये ३० लिटर पाणी ३५ वर बनवून ठेवलं, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावला, संपमधले, म्हणजे टाकीच्या फिल्टरच्या टाकीतले, चार-पाच सिरॅमिकचे तुकडे टाकले म्हणजे अमोनिया खाणारे बॅक्टेरिया सोबत आले. (टब नवा का, तर जुन्या बादलीत कधी सर्फ भिजवलं होतं हे आई पण सांगू शकत नाही.) खोका आला तेव्हा हॉलचा मोठा लाइट बंद, कारण चोवीस तास अंधारात असलेल्या जिवाच्या डोळ्यात एकदम एलईडी मारायचा नसतो. एका पिशवीचं तोंड उघडून दोन थेंब काढले, ३० पीपीटी, तापमान २१. फरक पाचचा. मग टबमध्ये ५ लिटर आरओचं पाणी ओतलं, ३० लिटर ३५ चं पाणी ३५ लिटर झालं की बरोबर ३० वर येतं, हे गणित तिसरीतलं पोरगं करेल. टबाचा हीटर मुद्दाम बंद ठेवला होता, पाणी २२ वर होतं. पिशव्या वीस मिनिटं तरंगवल्या आणि पाण्याखालीच सगळ्यांना बाहेर घेतलं. पिशवीतलं पाणी सरळ संडासात, टाकीत एक थेंबही नाही, कारण विकणाऱ्याच्या माशांच्या टाकीत तांब्याचं औषध वापरलेलं असू शकतं आणि माशांना सोसवतं ते तांबं श्रिंपला मारतं.

तांब्यावरून एक नागपूरचंच, खरं तर सगळ्याच गावांचं. हल्ली घरोघरी कॉपरवाला आरओ लागलाय, आरोग्यासाठी चांगला म्हणून. माणसासाठी असेल. त्याचं पाणी इनव्हर्टिब्रेटच्या टाकीत चुकूनही टाकू नका. साधा आरओ असला तरी त्यात बरेचदा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) वाढवायचा स्क्रू असतो, तो कच्चं पाणी परत मिसळतो, चवीसाठी. टीडीएस मीटर ऐंशी-नव्वद दाखवत असेल तर कारण बरेचदा तेच. मी टाकीसाठी वेगळा लावलाय, शेवटी उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिन, मीटरवर शून्य. बाबा म्हणतात आमच्यापेक्षा झिंग्याला चांगलं पाणी मिळते.

बाकी जनतेचं पटकन सांगतो. गोगलगायी नुसत्या वरून टाकायच्या नाहीत, काचेवर पाय टेकवून सरळ ठेवायच्या, टर्बो उताणी पडली तर बरेचदा तिला परत सुलटं होता येत नाही आणि हर्मिट क्रॅब तिथेच जेवायला बसतो. श्रिंप नव्या पाण्यात आला की एक-दोन दिवसांत बरेचदा कात टाकतो. पहिल्या श्रिंपच्या वेळी सकाळी सकाळी आई ओरडली, "मेला रे तुझा झिंगा!" मी ब्रश तोंडात तसाच ठेवून धावलो, तळाशी पांढरा पारदर्शक श्रिंप आडवा, मिशांसकट. तो होता रिकामा अंगरखा. मालक दगडामागे लपला होता, कारण नवं कवच कडक होईपर्यंत तो कोणाचाही घास होऊ शकतो. तेव्हापासून आई दर वेळी आधी दगडामागे पाहते, मग ओरडते.

आणि मे महिन्यात काहीच मागवू नका. मी एकदा मागवलं होतं, नवतपाच्या आत पोहोचेल म्हणून, खोका उघडला तेव्हा पाणी चहा होऊन गेलं होतं आणि गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो, खाऱ्या पाण्यात आणखी कमी. उन्हाळ्यात टाकी थंड ठेवणं मात्र आपल्याला इतर गावांपेक्षा सोपं आहे. पाण्यावर साधा पंखा लावला की दोन-तीन डिग्री सहज उतरतात, हवा कोरडी असल्यामुळे, कूलरचं तत्त्व तेच. फक्त पाणी उडतं, मीठ नाही उडत. दोनशे लिटरमधून दिवसाला चार लिटर गेलं की ३५ चं ३५.७ होतं, दोन दिवस लग्नाला गेलात की परत आल्यावर टाकी साडेछत्तीसच्या आसपास, म्हणून उडालेलं पाणी आपोआप भरणारा ऑटो टॉप-अप लावलाच पाहिजे, आणि आरओच्याच पाण्याचा.

तीच कोरडी हवा आता टबच्या कामी येतेय. ३५ लिटरमधून एक लिटर उडालं की ३० चं जवळपास ३१ होतं. म्हणजे मला ड्रिप नको, पंप नको, झाकण काढून छोटा टेबलफॅन बाजूला लावलाय आणि हीटर २५.५ पर्यंत हळूहळू नेतोय. दिवसाला एक पॉइंट, पाच दिवस. एखाद्या दिवशी कमी उडालं तर एक मग काढून ३७ चं पाणी एक मग टाकीन. टबच्या अंगावर स्केचपेनने पातळीची रेघ मारून ठेवलीय, आईने विचारलं हे काय, मी म्हटलं नाडीचा चार्ट.

ब्रिटल स्टार टबात गेल्या गेल्या पीव्हीसीच्या एल्बोमध्ये शिरलाय, दोन हात तेवढे बाहेर आहेत. पहाटे साडेचारला कोळंबीचा बारीक तुकडा चिमट्याने पुढे धरला तर एका हाताने ओढून आत नेला. श्रिंप दोघं एअर स्टोनच्या दगडावर बसून मिशा हलवून राहिलेत. सहापैकी पाच गोगलगायी भिंतीवर चढल्या, सहावी अजून बंद आहे, तिचं काही सांगता येत नाही.

आत्ता मावशीचा फोन येऊन गेला, ती पाचला उठते. गुड मॉर्निंग वगैरे काही नाही.

"किती?"

"तीस पॉइंट दोन."

"हं. रात्री परत सांग."